सोयऱ्याला दाखवायची माती

आबा, तुम्ही असता तर परवा तुम्हाला धाराशिवला सोबत नेलं असतं, पण तपासायची माती मीच काढली असती. पहिल्या वेळी तुम्ही खतासाठी मेंढ्या बसवलेल्या तुकड्यातली काळीभोर माती पिशवीत भरलीत. तुमचा मुलगा हसून म्हणाला, साऱ्या रानातली थोडी थोडी घ्यायची असते. तुम्ही त्यालाच झापलंत, "सोयऱ्याला कुणी किडकी ज्वारी दावतं व्हय?" अहवाल इतका छान आला की त्या साली शेणखत घातलंच नाही, आणि ऊस खुरटला. पुढच्या साली त्यानं साऱ्या रानातली माती नेली, तेव्हा मातीला कस देणारा कर्ब किती कमी आहे ते कळलं.

आता तोही तुमच्याकडं आहे. भाकरी थापताना त्याची आठवण येते, आणि भाकरी होते. रान मी बघते. त्याच्यामागं मी उसाचं पाचट जाळायचं बंद केलं, तो वाळका पाला सरीतच कुजवू लागले. त्याच्या पुस्तकात वाचलं होतं, आपल्या उन्हाच्या मुलखात कुजलेल्यातला कर्ब मातीत फार टिकत नाही, हवेत निघून जातो, म्हणून सारखं घालत राहावं लागतं. ते पान दोनदा वाचलं तेव्हा समजलं. धाकट्या भावजींना हे पटत नाही. रान सामाईक, त्यामुळं त्यांचा शब्द मोडता येत नाही. यंदा ते म्हणाले, "वहिनी, माती तपासून आणा. कर्ब वाढला नसंल तर पाचटाला काडी लावायची."

मुरमाड कोपऱ्यासकट साऱ्या रानातली माती घेतली, सावलीत वाळवली. धाराशिवच्या प्रयोगशाळेतल्या मुलीनं मला शेजारी उभं राहू दिलं. चाळलेली चिमूटभर माती, तिच्यावर नारंगी औषध, मग तेजाब. काचेचं भांडं चुलीविना तापतं. कर्ब जितका जास्त तितका रंग हिरव्याकडं जातो, ती सांगत होती. मी पदर मुठीत धरून बघतेय, नारंगी मळकट होतं, मग कडेनं हिरवट. तुम्ही पाहायला हवं होतं. मोजून झाल्यावर तिनं जुन्या अहवालाशी ताडून बघितलं आणि म्हणाली, "वाढलाय मावशी. पण अजून कमीतच मोडतो."

घरी आल्यावर भावजींनी विचारलं. वाढलाय, मी म्हणाले. सकाळी ते स्वतः येऊन पाचट सरीत ओढू लागले. मला फार बरं वाटलं. मुलीचं दुसरं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. ते तुम्हाला सांगितलं, आणि हे पत्र काही टपालात पडायचं नाही.