गैरहजरांची हाक

३ फेब्रुवारी, परभणी

आलो एकदाचा! नाशिकहून निघताना आईने असा डोळ्याला पदर लावला, जणू मी सीमेवर लढायलाच चाललोय. चाललोय कुठे, तर कृषी विद्यापीठातल्या बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत. ज्वारीचे दाणे ओल्या कागदावर मांडायचे आणि त्यातले किती उगवले ते बघायचं. काम निवांत आहे. आणि खरी गोष्ट म्हणजे इथून नांदेड अगदी जवळ. नांदेडला 'भेगा' बँडवाले दरवर्षी वाजवतात. नोकरीपेक्षा याचाच आनंद जास्त झालाय, हे आईला अर्थातच सांगितलेलं नाही.

खोली वसमत रोडला मिळाली, गच्चीवरची. मालकीण चांगुणाबाई बोलायला फटकळ, पण पाण्याचा माठ स्वतः वर आणून ठेवला. गाणी मोठ्यानं लावायची न्हाईत, असा पहिलाच दम दिला. मी मान डोलावली आणि कपाटाकडे बघतो तर काय, दारावर 'भेगा'चं स्टिकर! तडकलेली काळी जमीन आणि त्यातून वर आलेली मूठ. म्हणजे माझ्याआधी इथे आपलाच माणूस राहून गेलेला. मी चक्क टाळी वाजवली.

चांगुणाबाईंनी सांगितलं की आधीचा पोरगा परमेश्वर, ताडकळसचा, कुरियरच्या दुकानात होता, लय गुणी. आता कुठे असतो म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "गावाकडं गेला," आणि भराभरा जिना उतरल्या.

५ फेब्रुवारी

आज माळ्यावर परमेश्वरचे बूट सापडले. कॅनव्हासचे, पिवळ्या नाडीचे, धुळीने माखलेले. बघताक्षणी ओळखले, कारण हे बूट मी ग्रुपवर कितीदा तरी पाहिलेत.

आमच्या 'भेगाळलेले' ग्रुपची ही रीतच आहे. कुणी स्वतःचा चेहरा लावत नाही. कार्यक्रम संपला की धुळीने भरलेल्या बुटांचा फोटो काढायचा आणि तोच नावापुढे लावायचा. माझे तपकिरी, डाव्या पायाचं टोक सायलेन्सरला लागून जळलेलं. नीलमचे काळे, त्यावर तिने रुपेरी पेनने काढलेली चांदणी. नांदेडची नीलम. तीन वर्षं आम्ही रोज बोलतोय, लिहून नाहीतर आवाज पाठवून, आणि एकमेकांना अजून पाहिलेलं नाही. दरवेळी काहीतरी आडवं येतं. आवडते का? आवडते. इथे लिहायला काय हरकत आहे!

दुसरी रीत आहे हजेरीची. प्रत्येक कार्यक्रमात एका गाण्यात सगळी वाद्यं थांबतात, फक्त ड्रम चालू राहतो. तेव्हा पुढची रांग, जे येऊ शकले नाहीत त्यांची नावं ओरडते. एकेक नाव, आणि त्यापुढे ड्रमचा एक ठोका. तो ठोका म्हणजे गैरहजर माणसाचं उत्तर. घरी बसून मोबाईलवरच्या खरखरीत रेकॉर्डिंगमध्ये आपलं नाव ऐकलं की अंगावर काटा येतो. नावं गोळा करायचं काम नीलमकडे आहे.

८ फेब्रुवारी

उद्या नांदेडला कार्यक्रम, आणि नेमकी उद्याच वरून तपासणी! साहेबांनी रजा नाकारली. इतका चिडलो की बोटांनी टेबल बडवत बसलो, शेवटी शेजारच्या दिनकररावांनी हात धरला. ते निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, गाणं काय पळून जायलंय का?

नीलमला कळवलं की माझं नाव हजेरीत घे, आणि जोडीला परमेश्वरचंही घे. बिचारा गावाकडे जाऊन बसलाय, वर्षभरात ग्रुपवर एक शब्द नाही. एकाच खोलीतले आम्ही दोघं भेगाळलेले! नीलमला ही कल्पना फार आवडली.

१० फेब्रुवारी

रेकॉर्डिंग आलं. डबा खाता खाता ऐकलं. सिद्धोधन! आणि ठोका. माझं नाव नीलमच्या आवाजात सगळ्यांत वर ऐकू आलं, पोट भरलं. मग परमेश्वर! आणि ठोका पडायच्या आत कुणीतरी म्हणालं, "हजर."

गर्दीतलाच कुणी वात्रटपणा करत असेल. पण आवाज गर्दीतला वाटत नाही, फोनच्या अगदी जवळचा वाटतो. नीलमला विचारलं. फोन तिच्याच हातात होता. ती म्हणते असं काही नव्हतंच, आणि तिच्या फाईलमध्ये खरंच नाहीये. माझ्याकडे आहे. पुन्हा पुन्हा ऐकलं.

१४ फेब्रुवारी

परमेश्वरचे बूट मी पुसून कपाटात ठेवले होते. आज कामावरून आलो तर ते दाराबाहेर, टाचा भिंतीला लावून ठेवलेले आणि पुन्हा धुळीने भरलेले. चांगुणाबाईंना वाटलं मीच ठेवले. हाक मारताना त्या मला "परमेश्वर" म्हणाल्या, मग जीभ चावली. म्हातारं माणूस, चालायचंच.

प्रयोगशाळेतल्या हजेरीच्या यंत्राने माझा अंगठा घेतला नाही. दाणे हाताळून रेषा पुसल्या असतील, असं दिनकरराव म्हणाले. आम्ही हसलो.

१९ फेब्रुवारी

आज हसू आलं नाही. अंगठा लावायच्या आधीच यंत्र म्हणालं, नोंद झाली आहे. आत गेलो तर दिनकररावांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाले, आत्ताच तर आपण चहा प्यालो की, पुन्हा कुठं जाऊन आलात? माझ्या खुर्चीवर हात ठेवून पाहिला. खुर्ची गरम होती.

आणि नीलम. सकाळीच तिचा आवाज आला, इतका गोड आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. काल फोनवर तू जे बोललास ते खूप आवडलं, म्हणाली. काल मी तिला फोन केलेलाच नाही. उलट लिहिलं की कुणीतरी तुला फसवतंय. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्याखाली माझ्याच नावाने पुढचा मजकूर उमटला, मी बघत असताना, फोनला हात न लावता. "परभणीला भेटू. पुढच्या रांगेत."

होय, 'भेगा' परभणीला येणार आहेत, पहिल्यांदाच. वसमत रोडवरच्या मंगल कार्यालयाच्या मैदानात, दोन मार्चला. नीलमही येणार आहे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस आला, आणि मला तो नकोसा झालाय.

२१ फेब्रुवारी

पिवळ्या नाडीचे बूट पिशवीत घातले आणि एसटीने ताडकळसला गेलो. ठरवलं होतं, परमेश्वरला गाठायचं आणि हा काय चावटपणा लावलाय म्हणून खडसवायचं. आठवडी बाजाराचा दिवस, मिरच्यांच्या ठसक्याने डोळ्यांतून पाणी. विचारत विचारत घर सापडलं. त्याची आई तानुबाई अंगणात तूर पाखडत होत्या. पिशवीतले बूट बघून त्यांचं सूप थांबलं.

आत भिंतीवर त्याचा फोटो होता. फोटोला हार होता.

गेल्या वर्षी नांदेडच्या कार्यक्रमाला मोटारसायकलवर निघाला आणि पूर्णेच्या अलीकडे ट्रॅक्टरने उडवलं. पोहोचलाच नाही. तानुबाई म्हणाल्या, "गान्याला जाऊन येतो म्हनला, अन् निस्ता गेला."

मी सगळं सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "काय म्हनला त्यो?" मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांनाही ऐकू आलं. फोन कानाला लावून त्या ते इवलंसं "हजर" ऐकत राहिल्या आणि पदराने फोन पुसत राहिल्या. मला रडू आलं.

निघताना त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "गेलेल्याला नाव घिऊन हाक मारीत न्हाईत, बाबा. त्याला वाटतं, आपली जागा हाय आजून. पोरगं माझं वाईट न्हाई. पर जागा दिसली की त्यो बसनार. तुमी तुमची जागा सोडू नका." बूट त्यांनी पोटाशी धरून ठेवून घेतले.

परत आलो. मी गेलो होतो चपला घालून. दारात काढून ठेवलेले माझे तपकिरी बूट नाहीत.

२३ फेब्रुवारी

चांगुणाबाईंना गाठून विचारलं, तो मेला हे आधी का नाही सांगितलं? त्या माझ्याकडे बघत होत्या, पण जरा बाजूला, माझ्या खांद्यापलीकडे. म्हणाल्या, "मेला म्हनलं असतं तर घेतली असती का तुमी खोली? गावाकडं गेला म्हनलं म्हंजी काय खोटं हाय का?" मग आत जाता जाता स्वतःशीच पुटपुटल्या, कुणाशी बोलायले मी.

२५ फेब्रुवारी

आईला फोन लावला. ती म्हणाली, अरे आत्ताच तर ठेवलास, पुन्हा काय? मग माझा आवाज तिला येईना. हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडत होतो. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने मान वर केली नाही.

प्रयोगशाळेत गेलो नाही. कुणी बोलावलंही नाही. तिथे मी आहे ना.

बसवत नाही. गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतोय. एकच गोष्ट राहिलीय. नीलमने मला एकदा बघायला हवं. मला, या खऱ्याला. तिला माझा आवाज माहीत आहे, हसणं माहीत आहे. समोर उभा राहीन आणि नाव सांगीन. जागा सोडायची नाही.

१ मार्च

भूक लागत नाही. माठातलं पाणी आटत नाही.

त्याचा राग येत नाही, हीच भीती आहे. त्यालाही पुढच्या रांगेतच यायचं होतं. मलाही. आमच्यात फरक एवढाच की मी आईला — मला आई —

नाव लिहून ठेवतो. सिद्धोधन. सिद्धोधन. सिद्धोधन.

२ मार्च

दुपारपासूनच मैदानात गेलो. दारावरच्या पोराने तिकीट मागितलं नाही. ऊन उतरलं, ड्रम लागले, धूळ उडाली. मी चेहरे बघत नव्हतो, खाली बूट बघत होतो.

पुढच्या रांगेत चांदणी दिसली. रुपेरी, थोडी पुसलेली. तिच्या शेजारी तपकिरी बूट, डाव्याचं टोक जळलेलं.

नजर वर नेली. फोटोतला चेहरा, हार नसलेला. घामेजलेला, खूश. नीलम त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत होती. किती सुंदर हसते ती. मी अगदी समोर उभा राहिलो. म्हणालो, नीलम, मी सिद्धोधन. ती माझ्यातून स्टेजकडे बघत होती.

त्याने मात्र बघितलं. मला. डोळे भरून आले त्याचे, आणि तरी त्याने तिचा हात सोडला नाही.

मग वाद्यं थांबली. हजेरी. मी वाट बघत होतो, नीलम माझं नाव घेईल — पण ते कशाला घेईल, सिद्धोधन तर तिच्या शेजारीच —

नीलम ओरडली, परमेश्वर!

ठोका पडायच्या आत कुणीतरी म्हणालं, हजर.

तोंड माझं होतं.

खाली बघितलं. पायात पिवळी नाडी —

मार्च

ऊन. गच्ची. ग्रुपवर बुटांचा फोटो आलाय. चांदणी आणि जळकं टोक, दोन्ही शेजारी शेजारी. खाली सगळ्यांनी लिहिलंय, अखेर भेटलात!

अखेर.

तो खोली सोडून गेला. सामान नेलं. चांगुणाबाईंनी त्याला चहा दिला, सुखी ऱ्हा म्हणाल्या. मला कुणी —

तारीख माहीत नाही

जिन्यावर पावलं. चांगुणाबाई. बरोबर एक मुलगी, पाठीला गिटारची पिशवी. पाणी जपून वापरायचं म्हणतायत. गाणी मोठ्यानं लावायची न्हाईत.

कपाटावरचं स्टिकर बघून ती केवढी खूश झाली! टाळीच वाजवली. विचारतेय, आधी इथे कोण राहायचं.

चांगुणाबाई म्हणाल्या, "परमेश्वर. गावाकडं गेला."

मुलीने फोन काढलाय. ग्रुपवर काहीतरी लिहितेय, हसतेय. पुढच्या हजेरीला माझं नाव द्यायचं म्हणतेय.

नको. नको गं बाई, आपल्या आईकडे परत —

पण खुर्ची रिकामी आहे तिची. अजून बसली नाहीये. ऊब —

घे. एकदाच घे, मोठ्याने. पण तिने लिहिलंय ते नाव नको, ते माझं नाही. माझं वेगळं होतं. वर लिहून ठेवलंय ना मी, थांब, बघतो, माझं नाव आहे —