बाजूला ठेवलेली वचनं

आई,

डिसेंबरात करंज्यांचं सारण गार होईपर्यंत तू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जुन्या लग्नपत्रिका कापायला बसायचीस. पत्रिकेची कोरी बाजू, त्यावर तुझं नर्सिंगच्या शाळेत घोटलेलं अक्षर, एका कार्डावर पवित्र शास्त्रातलं एक वचन. चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेनंतर मंडळीतला प्रत्येक जण तुझ्या बिस्किटांच्या डब्यात हात घालून एक कार्ड काढायचा आणि वर्षभर ते आपलं वचन म्हणून जपायचा. मी लहान, तुझ्या शेजारी बसून कार्डांचे कोपरे गोल कापते आहे. तू शास्त्राची पानं उलटतेस, एखाद्या ओळीवर थांबतेस, ओठ मुडपतेस आणि म्हणतेस, "हे नको." का नको, चांगलं तर आहे. "चांगलं आहे म्हणूनच." म्हणजे काय? "मोठी झालीस की कळेल. कात्री दे."

मी आता आजी झाले आहे, आई. कळलेलं नाही.

एका वर्षी मला शिस्तीचं, ताडनाचं वचन आलं होतं. मी ते गुपचूप डब्यात टाकून दुसरं काढलं. तू पलीकडून पाहिलंस. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणालीस, "देव काय लॉटरीची तिकिटं विकतो? लागलं नाही की दुसरं घ्यायचं?" नको असलेलं वचन परत टाकायचं नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले. हवं तेच वचन आलं तर काय करायचं, हे तू कधी सांगितलं नाहीस.

या वर्षी तुझ्या धाकट्याला हवं तेच आलं. आता कार्डं छापलेलीच येतात, फुलांच्या चित्रांची, आणि ती निवडायला टेबलाशी कोणी बसत नाही. त्याला जे वचन निघालं ते ‘मी मरणार नाही, जगेन’ असं सांगणारं. ते तू बाजूला ठेवायचीस, मला पक्कं आठवतं. नाताळच्या आधीच डॉक्टरांनी त्याला बायपास करायला सांगितलं होतं. त्यानं कार्ड टेम्पोच्या काचेला चिकटवलं आणि पिंपळगावला कोल्ड स्टोरेजवर कामाला निघून गेला.

मी समजवायला गेले तर म्हणाला, "ताई, डॉक्टरचं ऐकू का देवाचं?"

"डॉक्टरही देवानंच दिलेत."

"हे पाळकसाहेबांचं झालं. तुझं सांग. वचन खोटं आहे का?"

वचन खोटं नाही. भावजय चहा गाळत होती, मान वर न करता म्हणाली, "द्राक्षांचा सीझन आहे ना ताई. सीझन संपला की देव दुसरं काहीतरी सांगेल यांना." तो हसला. मला हसू आलं नाही. पाळकसाहेबांकडे गेले, ते म्हणाले, आपण प्रार्थना करू या. केली. शहाणपण मागितलं की मिळतं, असं तूच शिकवलंस. मी रोज मागत होते आणि रोज तेवढीच मठ्ठ उठत होते. तुझ्यावर चिडत होते. इतकी वर्षं वचनं निवडलीस, निवडायची कशी ते मात्र सोबत घेऊन गेलीस.

मग एकदा त्याचा डबा द्यायला कोल्ड स्टोरेजवर गेले. तो ऑफिसचा जिना चढत होता. मध्येच थांबला, खिशातून फोन काढला आणि पाहत उभा राहिला. मी खालच्या पायरीवर होते. फोन बंद होता, काळा. तो श्वास गोळा करत होता. तेव्हा कळलं, याची श्रद्धा मोठी झालेली नाही, हा घाबरलाय. कार्डामागे लपलाय. तुला हे पहिल्या दिवशी दिसलं असतं. मला दिसायला जानेवारी गेला, अर्धा फेब्रुवारी गेला.

दिसलं, तरी बोलायचं काय? घाबरलास, असं तोंडावर म्हटलं असतं तर तो आणखी आत गेला असता. वरती ऑफिसात डबा उघडून बसला तेव्हा मी म्हणाले, "हे वचन आई वचनांच्या डब्यात घालायची नाही. मुद्दाम."

"का?"

"मी विचारलं होतं. म्हणाली, कोणीतरी हे हातात धरून दवाखान्यात जायचं टाळेल."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "आई असं म्हणाली?"

"हो."

"तिचा स्वभावच तसला," तो म्हणाला. मग, "तू येशील का बरोबर?"

परवा ऑपरेशन आहे. कार्ड त्यानं काचेवरून काढून पाकिटात ठेवलंय, मी अडवलं नाही. पण आई, तू तसं कधीच म्हणाली नव्हतीस. तू फक्त कात्री मागितली होतीस. तो देवाच्या तोंडी आपलं म्हणणं घालत होता म्हणून मी त्याला हटवायला गेले, आणि तुझ्या तोंडी माझं घालून आले. हा विवेक की चलाखी, हे मला ठरवता येत नाही. आणि ज्या एका माणसाला विचारावं तीच ‘मोठी झालीस की कळेल’ असं म्हणून निघून गेलेली.

ते वचन तू का बाजूला ठेवायचीस? कदाचित पूर्वीच कधीतरी लिहून झालं असेल. कदाचित मंडळीत कोणाकडे तरी मयत झालेलं असायचं, त्यांना ते लागलं असतं. हे पत्र पाठवायला तुझा पत्ता नाही, उत्तर येणार नाही, हे आज प्रथमच बरं वाटतंय. परवापर्यंत तरी मला खरं कारण कळायला नको आहे.