पलंगाखालचा फुटबॉल

९ डिसेंबर, सोमवार

आज टीव्हीवरच्या फुटबॉलमध्ये पोरांना हरवलं. तीन-एक! इसिको बघतच राहिला. "आई, तू नुसती बटणं बडवतेस. गोल होतो कसा?"

कसा होतो ते मलाही ठाऊक नाही.

माझा संघ मी केसांवरून निवडते. आयुष्य लोकांच्या वेण्या घालण्यात गेलंय, दुसरं काय बघणार? ज्याच्या वेण्या टाळूला घट्ट बसलेल्या तो पुढे. ज्याने डोकं कसंही वाढू दिलंय तो राखीव. लेक, कागोया, म्हणते, असा संघ जगात कुणी निवडत नसेल. पण आज हरली ना?

११ डिसेंबर, बुधवार

फजिती झाली. नाबुकेन्याबाई आल्या होत्या, इसिकोच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नाताळासाठी बारीक वेण्या हव्या होत्या. अर्धं डोकं झालं आणि मी म्हटलं, "बाई, चुलीवर शेंगदाण्याचं कालवण आहे, बघून येते."

कालवण होतंच. पण मधल्या खोलीत पोरांची मॅच सुरू होती आणि कागोयाला कुणीतरी जोडीला हवं होतं. बसले जरा. ते "जरा" लांबलं. मागे बघते तर दारात बाई उभ्या, अर्ध्या डोक्याला वेण्या, अर्धं डोकं पिंजारलेलं. इसिकोचं तोंड एवढंसं झालं.

बाई सरळ आत आल्या. इसिकोच्या हातातला रिमोट घेतला आणि विचारलं, "पळायचं बटण कुठलं?"

उरलेल्या वेण्या संध्याकाळी घातल्या. कालवण खाली लागलं.

१३ डिसेंबर

ह्यांचा फोन, सीमेपलीकडच्या जुबाहून. ह्यांचा टँकर उभा आहे, पुढचा रस्ता खराब. पोरांचं विचारलं. मग, "ते मशीन अजून घरात आहे का?"

ते खेळाचं मशीन आमच्या एका गिऱ्हाइकाचं. ती दुबईला कामाला गेली, जाताना पोरांना देऊन गेली. मागच्या फोनवर इसिको ह्यांच्याशी सगळा वेळ त्याबद्दलच बोलला होता.

"पलंगाखाली ठेवलंय," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर ठेवलं. म्हणजे खोटं नाही.

मी खेळते हे ह्यांना सांगितलंच नाही. दोन पोरांची आई, दुकानाची मालकीण! काय म्हणतील?

१९ डिसेंबर, गुरुवार

हे आले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. माझ्यासाठी कापड, पोरांना बूट.

पोरांनी गुडघे टेकून नमस्कार केला आणि खुर्चीच्या कडेला बसली.

"अभ्यास कसा चाललाय?"
"बरा, बाबा."
"आईला मदत करता ना?"
"हो, बाबा."

संपलं. बूट दोघांनाही घट्ट झाले. हे वर्षभरापूर्वीचे पाय डोक्यात धरून दुकानात गेले असणार. पोरं बोलली नाहीत, बोटं मुडपून तसेच घालून बसली.

२२ डिसेंबर, रविवार

चर्चमधून आल्यावर पोरं मागच्या दाराने शेजारी पळाली. तीन दिवस हेच चाललंय. हे अंगणात स्वतःचे बूट पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "मी खोलीत आलो की पोरं उठतात. पाहुणा आल्यासारखी."

"सवय होईल," मी म्हटलं.

"सवय होईपर्यंत निघायची वेळ येते, नांगोबी."

मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले. अजून ओले होते, तरी काढले.

२३ डिसेंबर, सोमवार

आज केलं एकदाचं. जेवणं झाल्यावर पलंगाखालून मशीन ओढून काढलं, सगळ्यांच्या देखत टीव्हीला जोडलं. कागोया दारात खांबासारखी उभी. इसिको कुजबुजला, "आई, नको ना."

मी ह्यांना म्हटलं, "हे पोरांचं नाही, माझं आहे. मी खेळते. रोज. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

हे मशीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता झालं.

"मला शिकवाल का कुणी?"

रिमोट उलटा धरला होता. कागोयाने पुढे येऊन सुलटा करून दिला. मग ह्यांनी स्वतःच्याच जाळ्यात गोल मारला आणि ती ओरडली, "अहो बाबा, ते आपलं जाळं आहे!" ओरडली आणि स्वतःच दचकली. तिने बापावर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला.

हे म्हणाले, "अरेच्चा. मग त्यांचं कुठलं?"

इसिको हसून हसून जमिनीवर लोळला. सहा-शून्य हरले.

२५ डिसेंबर

नाताळ. कोंबडी, कच्च्या केळ्यांचं मटोके, पाहुणे. पाहुणे गेल्यावर मॅच. हे पुन्हा हरले. कागोया म्हणाली, "तुम्ही काही शिकायचे नाही, बाबा." घरात हे असं बोलणं चालतं आता!

नवे बूट घट्ट होतात हे इसिकोने आज सांगून टाकलं.

२८ डिसेंबर, शनिवार

मी गिऱ्हाइकाचे केस विंचरत होते, मधलं दार उघडं होतं. बापलेक खेळत होते. कागोयाने टीव्हीवरची नजर न हलवता म्हटलं, "बाबा, मला नव्या शाळेत जायची भीती वाटते. वसतिगृहात मी कुणालाच ओळखत नाही."

मला कधी बोलली नव्हती.

ह्यांनीही मान वळवली नाही. "मी पहिल्यांदा जुबाला गेलो तेव्हा आठवडाभर टँकरमध्येच बसून जेवलो. बाहेर कुणाशी बोलायचं तेच कळेना."

"मग?"

"मग एकाने हाक मारली, ये म्हणाला, आमच्यात खेळ. कागोया, बॉल दे की इकडे."

"दिला. आता मारा. मारा ना, बाबा!"

बॉल गेला बाहेर. माझा कंगवा तिथल्या तिथे थांबला होता. गिऱ्हाईक म्हणालं, "काय झालं?" काही नाही म्हटलं.

२ जानेवारी

लाइट नाही. तिघं अंगणात बसून तोंडानेच मॅच खेळतायत आणि त्यातही भांडतायत.

४ जानेवारी, शनिवार

ह्यांना न्यायला ओपियो आला. ह्यांच्याच टँकरवरचा जोडीदार. चहा घेताना मशीन दिसलं तसा हसला आणि हळूच मला म्हणाला, "वहिनी, ह्यांच्याशी खेळायच्या फंदात पडू नका हं. जुबाला आमच्या ट्रकतळावर ह्यांना हरवणारा अजून कुणी निघालेला नाही."

मी वळून पाहिलं. अंगणात हे पिशवी बांधत होते आणि इसिको त्यांना पेनल्टी कशी मारायची ते समजावत होता. हे मान डोलवत होते.

"असं होय? परत एकदा सांग बघू."