दहा स्वारांची खोली

पोट्सडाम, ४ सप्टेंबर १९९२

प्रिय ओटीली आत्या,
सा. न. वि. वि.

दीडशे वर्षांच्या बराकीत मूळचं कोणतं आणि नंतरचं कोणतं, हे कुणी ठरवायचं? आठवडाभर हा प्रश्न घेऊन बसले आहे, उत्तर सापडत नाही. विद्यापीठात शिकवलं असेल, तर त्या दिवशी मी गैरहजर असणार.

आपल्या वेर्नित्झच्या बराकीच्या दुरुस्तीचा नकाशा कचेरीत मीच काढते आहे. किती शहाणपणाने बांधली आहे ती! खाली घोडे, वर दहा-दहा स्वारांच्या लांब खोल्या. घोड्यांची ऊब वर चढायची. आमच्या नकाशात राहायचं ते काळं, पाडायचं ते पिवळं. बराक बांधली १८४६ साली, त्यानंतरचं सगळं पिवळं, असा आमच्या साहेबांचा नियम. रंगवता रंगवता हात थांबला, तर पेन्सिलीखाली तुझं स्वयंपाकघर. युद्धानंतर सायलेशियातून आपल्या लोकांना हाकलून दिल्यावर आजोबांनी इथे पडक्या स्टेशनच्या विटांनी घातलेली ती भिंत. इमारत वाचली की तुझं घरही वाचेल, असं मी धरून चालले होते.

आणखी एक. रविवारी तुझ्या पलंगाच्या वरच्या तुळईच्या टोकात स्क्रूड्रायव्हर खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला, इतकं लाकूड कुजलं आहे. उंदीर शोधते आहे म्हणाले, ते खोटं होतं. छप्पर दुरुस्त होईल, पण नकाशावर माझी सही झाल्यावर आणि सगळे भाडेकरू बाहेर पडल्यावरच. काय करू?

तुझी लाडकी, गोंधळलेली,
आल्मुट

वेर्नित्झ, ९ सप्टेंबर

चि. आल्मुटला अ. उ. आ.

पलंगावर चढून उंदीर शोधणारी तू पहिलीच. घरातली पहिली पदवी तू आणलीस, तेव्हा तुझा बाप गल्लीभर बिअर पाजत फिरला. त्याच पदवीने आता मला पिवळं केलंस, छान! स्टोव्हही रंगवलास का?

तुळई राजाला पुरली, कैसरला पुरली, मलाही पुरेल. नगरपालिकेचा माणूस येऊन गेला. नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर खोली देतो म्हणाला, नळाला गरम पाणी. मी विचारलं, लिफ्ट बंद पडली की बटाटे तू वर आणणार का. तो हसला. मी नाही हसले.

त्या लांब खोलीत आम्ही दोन कुटुंबं होतो, नऊ माणसं. मधली ती भिंत उभी राहिली त्या दिवशी आईने कित्येक महिन्यांनंतर दार लावून घेतलं आणि पोटभर रडली. मी आपणहून हलणार नाही. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. सही करू नकोस, बाळ.

आलुबुखाराचा केक पाठवते आहे. डबा परत कर, नेहमीसारखा गिळू नकोस.

तुझी हट्टी आत्या,
ओटीली

पोट्सडाम, १८ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि.

साहेबांशी तीनदा भांडले. ती भिंतही बराकीचा इतिहासच आहे, असं दोन पानं लिहून दिलं. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले की म्हणणं खरं आहे, पण दहा स्वारांची खोली अखंड दाखवली नाही तर दुरुस्तीला मंजुरी मिळत नाही. मग फाईल पुढच्या वर्षावर.

मधे हिवाळा आहे. ओल्या बर्फाखाली तुळईचं ते टोक किती दिवस धरेल, याचा मी हिशेब करून पाहिला. आकडा तुला सांगणार नाही.

तू माझ्याशी बोलणं टाकशील. टाक. मी बरोबर वागले असंही मी म्हणत नाही. एवढंच, की तू त्या पलंगावर झोपलेली असताना मला इथे झोप लागत नाही. राग ओसरला तर थोडी माया शिल्लक ठेव.

विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. मंगळवारी सकाळी मी सही केली. नकाशा त्याच दिवशी मंजुरीसाठी पुढे गेला.

आल्मुट