सत्तावीस नंबरचा फोटो

४ मार्च, सोमवार

छत्तीस झाले आज. गळ्यापासून बेंबीपर्यंत. डोकं नाही, चेहरा नाही, नाव नाही. खाली फक्त नंबर. पडद्यावर फोटो येतो, मी खूण करते — उत्तम, चांगलं, बरं, वाईट. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का, खड्डा पडलाय का, व्रण किती डोळ्यात भरतो, निपल एका बाजूला ओढलं गेलंय का. झालं. पुढची.

कॅन्सरची गाठ काढून वर्ष झालं की स्तन कसा दिसतो, त्याचा हा अभ्यास. मार्क देणारे आम्ही पाच जण. दोन सर्जन, एक सिस्टर, स्वतः या सगळ्यातून गेलेल्या एक बाई, आणि एक 'सामान्य माणूस'. तो सामान्य माणूस म्हणजे मी! लेखिका व्हायला निघाले होते, गोष्ट अडली म्हणून हे काम धरलं, तर नेमणूक ही.

मार्क देताना आपसात बोलायचं नाही. ओळखीची बाई वाटली तर मार्क न देता नुसती रेघ मारायची. मोबाईल बाहेर.

पहिल्या फोटोला मला घाम फुटला होता. आज छत्तिसाव्याला जांभई आली. तेही लिहून ठेवते.

५ मार्च

ताईच्या गाठीचा रिपोर्ट आला. तेच आहे.

६ मार्च, बुधवार

ताईबरोबर डॉक्टरबाईंकडे. या आमच्यातल्या नाहीत, वरच्या मजल्यावरच्या. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर दोन गोल काढले. पहिला — गाठ आणि भोवतालचं थोडं काढायचं, स्तन ठेवायचा, मग पाच आठवडे रोज येऊन किरणं घ्यायची. दुसरा — सगळाच काढायचा, किरणं बहुतेक लागणार नाहीत.

"तुमच्या बाबतीत जीवाला दोन्ही सारखंच. त्यामुळे काय हवं ते तुम्ही ठरवायचं. एकवीसला ऑपरेशन. वीसला दुपारपर्यंत सांगा."

ताईनं कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. जशी काही दुकानदारानं पत्ता लिहून दिलाय.

बारा वर्षं ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवते. घाबरट पोरांना तिच्याकडेच देतात. बसमध्ये मला म्हणाली, "तू रोज बघतेस ना त्या बायकांना? कशा असतात गं नंतर?"

मी लगेच तज्ज्ञ! "निम्म्याहून जास्त उत्तम किंवा चांगल्या."

"आणि बाकीच्या?"

"चल, आपला स्टॉप आला," मी म्हटलं.

८ मार्च

भावोजी जेवताना म्हणाले, "मला कसंही चालेल हं. अगदी कसंही."

ताई — "तुला विचारलंय कोणी? तुला टक्कल पडलं तेव्हा मी घरात मतदान घेतलं होतं का?"

भावोजी सगळ्यात मोठ्यानं हसले. मग हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

११ मार्च, सोमवार

ताईला एखादा फोटो दाखवावा, असं आज मनात आलं. चांगला बघून. मोबाईल खिशात लपवून आत न्यायचा, की झालं. नाही नेला. त्या बायकांनी सही केली ती अभ्यासासाठी, माझ्या ताईसाठी नाही.

मग म्हटलं, शब्दांत सांगू. आपलं कामच ते! बसले ताईसमोर आणि तोंडातून काय यावं? चांगलं असतं. बरं असतं. तीन वर्षं कॉलेजात साहित्य शिकले आणि माझ्याकडे चार शब्द, तेही छापील.

घरी येऊन वहीत प्रयत्न केला. अठरा नंबर — व्रण इतका बारीक की उशीची घडी उमटल्यासारखा. एकतीस — ऑपरेशनवाली बाजू दुसरीपेक्षा दहा वर्षांनी तरुण. चाळीस — बाहेरच्या अंगाला खळगा, अंगठा टेकवला तर बसेल. चव्वेचाळीस — निपल वर बघतंय, जसं कोणी हाक मारल्यावर मान उचलतं.

ताईला वाचून दाखवलं. ती एकतीसला हसली. मग म्हणाली, "आणि बायका?"

"बायकाच तर सांगतेय!"

"बरं," म्हणाली.

१३ मार्च, बुधवार

आज मतभेदांची मीटिंग. ज्या फोटोंवर पाचांचे मार्क जुळले नाहीत ते मोठ्या पडद्यावर लावतात आणि एकमत करतात. सत्तावीस नंबरवर अडलं. एक बाजू सुजलेली, कातडी काळपट-लाल, जाड, छिद्रं दिसणारी. थोरल्या सर्जननी दिलं होतं 'बरं'. मी 'वाईट'.

"आकार छान राखलाय," ते म्हणाले.

"सर, तुम्ही शिवण बघताय. मी सामान्य माणूस आहे, मला ही बाजू भाजलेली दिसते. हिला 'बरं' म्हणणं म्हणजे आपला तो बाब्या!"

सिस्टरला हसू आवरेना. शेवटी सगळे 'वाईट'वर आले. जिंकले! पहिल्यांदा वाटलं की माझा इथे काही उपयोग आहे.

स्वतः यातून गेलेल्या बाईंच्या रकान्यात तिथे रेघ होती. त्या लायब्ररीत काम करतात, आम्ही त्यांना मावशीच म्हणतो. त्या आपल्या चष्मा पुसत बसल्या होत्या. ओळखीची कोणी असेल, मी मनात म्हटलं.

१४ मार्च

ताईनं पुन्हा विचारलं. म्हणाली, गोड बोलू नकोस, वाईटातलं वाईट सांग. मी सत्तावीस सांगितला. वर्षानंतरसुद्धा सूज, रंग, सगळं. काही लपवलं नाही.

ताई — "किरणांनी झालं असेल?"

"दिसतंय तरी तसंच."

ती म्हणाली, "मग काढूनच टाकते. ती भानगडच नको."

खरं बोलल्याचं समाधान वाटलं. लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं.

१८ मार्च, सोमवार



पाण्याच्या मशीनपाशी मावशी भेटल्या. ग्लास भरता भरता म्हणाल्या, "सत्तावीसवर फार जोरात भांडलीस गं."

"पटलं नाही तुम्हाला?"

"मी काय बोलणार? ती मीच."

त्याच पुढे बोलल्या, शांतपणे. तो फोटो वर्षानंतरचा नाहीच. किरणं संपून तीन आठवडे झाले होते तेव्हाचा. "तेव्हा उन्हात विसरलेल्या बादलीसारखी झाले होते मी. नंतर उतरलं सगळं. वर्षाचा फोटो वेगळा आहे, फाइलवाल्यानं भलताच लावलाय."

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?"

"चौघांसमोर, एवढ्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवून, ही माझी म्हणून सांगू? अगं, मुंडकं कापलेलं असतं, तेवढाच तर आडोसा."

माफी मागितली. म्हणाल्या, "फोटोला दिलेस ना मार्क? फोटो वाईटच होता."

दोघी फाइलवाल्याकडे गेलो. त्यानं तारखा लावून बघितल्या, कान पकडले, सत्तावीस ढिगातून काढला. अभ्यासाची चूक दोन मिनिटांत सुधारली.

ताईचं काय? तिनं त्या एका फोटोवर ठरवलंय. म्हणजे माझ्यावर ठरवलंय! ऑपरेशन गुरुवारी.

१९ मार्च, मंगळवार

सकाळीच गेले. ताई पोरांची यादी बदली शिक्षिकेसाठी लिहून काढत होती — कोण पाण्याला घाबरतं, कोण खोटं रडतं. सगळं सांगितलं. फोटो चुकीचा, तारीख चुकीची, मी चुकीची.

मला वाटलं ओरडेल. लहानपणी एवढ्याशा गोष्टीवरून केस धरायची.

"म्हणजे ती बाई किरणं घेतलेली आहे?"

"हो."

"आणि आता ठीक आहे? कामावर जाते?"

"रोज. ताई, मी चुकून तुला —"

"तू नंतर रड. ती येईल का इथे? उद्या दुपारच्या आत?"

"आज नाही जमणार त्यांना. उद्या सकाळी याल का, विचारते."

"विचार. आणि फोटो वगैरे काही आणू नका."

मावशींना फोन केला. कशासाठी, ते त्यांनी विचारलंसुद्धा नाही. "साडेनऊला येते. लायब्ररी अकराला उघडते."

रात्र झाली तरी मी मनात तयारी करतेय. दोघींना खोलीत एकटं सोडायचं, पडदे ओढायचे, भावोजींना बाहेर पाठवायचं. ताईनं बघून तोंड वाकडं केलं तर मावशींना काय वाटेल? आणि नाही केलं तर?

२० मार्च, बुधवार

दहा मिनिटं दार बंद. मी बाहेर. आत काहीतरी धपकन पडलं, मग दोघी हसल्या. ताई बाहेर आली, डॉक्टरबाईंना फोन लावला, म्हणाली, "ठेवायचं. किरणं घेते."

मावशी गेल्यावर विचारलं, "कसं दिसतं त्यांचं?"

"मला काय माहीत? बटणसुद्धा काढायला लावलं नाही मी तिला. कपाटावरची मोठी बॅग खाली काढून द्या म्हटलं. काढली. दोन्ही हातांनी, सरळ वर करून. किरणांनी खांदा आखडतो म्हणतात ना? मला पोरं उचलायची असतात पाण्यातून."

आमच्या फोटोंत हात दंडापाशीच कापलेले आहेत. सगळ्यांचे.