आत्याचा लोकरी कोच

१० नोव्हें. ५३, अंबरनाथ
आत्याचं कार्ड. मुलाकडचा, दत्तूकडचा जिना चढवत नाही, तेव्हा माझ्याकडे 'राहून बघते' म्हणते. जमलं तर कायमची, नाहीतर नाशकाला आश्रमात. आईमागे हिनंच वाढवलं मला.
झोपायची खोली झाडली. दोघांना पुरेल का? सुमती गेल्यापासून एकट्याला मोठी वाटते खरी.

१२ नोव्हें.
आत्याचे गुडघे वाकत नाहीत. जमिनीवर बसणं बंद. सुती गादीला शिवली की सोवळं मोडतं. लोकरीला चालतं. सायकलीनं सिंधी निर्वासितांच्या कॅम्पात, कोच बनवणाऱ्या टेकचंदच्या दुकानी गेलो. खिडकीखालच्या जागेपुरता कोच, आत काथ्या, वरून सगळी लोकरीची धाबळी.
"साईं, ऊन का कोच? आदमी पक जाएगा!"
म्हटलं, आदमी नहीं, आत्या है.
"फिर स्प्रिंग डालूँगा. बूढ़ी को आराम."
संस्कृतात शय्येला शब्दांची रेलचेल. स्प्रिंगला एकही नाही. हो म्हटलं.

१७ नोव्हें.
कोच दारातून जाईना. टेकचंदनं पाय काढले, आडवा घातला, आत नेऊन पुन्हा ठोकले. खोली संपली. माझी खाट पडवीत.
बसून पाहिला. टोचतो. समोर कोणी आहे असं धरून दोन वाक्यं बोललोही. शेजारी लेले खोकले.

२१ नोव्हें.
आली. कोचावर टेकली, स्प्रिंग दबली तशी ओरडली, "अरे, हे गिळतंय मला!" मग किती वेळ हसत होती. धाबळीवरून हात फिरवून, "लोकर होय! म्हणजे पाठशाळेतली वर्षं अगदीच फुकट नाही गेली बाळ्याची."
या घरात पुष्कळ दिवसांनी कोणी हसलं.

२२ नोव्हें.
घोटाळा. सकाळी न्हाऊन आत्या सोवळ्यात कोचावर, जपाला. खोली एवढीशी की आत पाऊल टाकलं तर तिला शिवल्यावाचून वळता येत नाही. दुपारच्या जेवणापर्यंत मी उंबऱ्याबाहेर. कोच लोकरीचा केला. मी सुतीच राहिलो.

२५ नोव्हें.
"माझ्यापायी तू घराबाहेर. जाते मी नाशकाला."
म्हटलं, पडवीत वारा छान असतो.
"या थंडीत?"
मी घोंगडी झटकायला लागलो. मी इथला बातमीदार, पण वर्तमानपत्राला या आठवड्याची बातमी पाठवायची राहिली. अंबरनाथात तसंही काही घडलं नव्हतं.

२८ नोव्हें.
पहाटे फार गार. तिला झोंबू नये म्हणून बाहेरून दार ओढत होतो. आतून, "लोटू नकोस रे. दिसत राहा."
घोंगडी पांघरून उंबऱ्याशी बसलो. ती जप करते, मी पेपर वाचतो.
नंतर म्हणाली, "दत्तूला कार्ड टाक आज." टाक घेतला, थांबलो. काय लिहू, राहते की नाशकाला जाते, ते सांगेना. डोळे मिटून पुन्हा माळ ओढू लागली.
पत्ता तेवढा लिहून ठेवलाय.