व्हिसा लवकर आला

हसनाबाद,
मार्च १९९४

भालेराव साहेब, मस्कत,
सलाम.

तुम्ही मूळचे आपल्या अंबडचे, म्हणून मराठीतच लिहून राह्यलो.

तुमच्या कंपनीत वेल्डरसाठी मी अर्ज केला, तवा माझ्या बायकोला, रजियाला, सातवा महिना होता. आपल्याकडं अर्ज टाकला की जवाबाला साल उलटतं. गॅसचा नंबर लावलेला, तो अजून आला न्हाई. मी म्हणलं, आताच टाकून ठेवावं. लेकरू रांगायला लागंल, तवा कुठं व्हिसा येईल.

अन् तुमचा व्हिसा लगेच आला! एवढी घाई कोण करतं, साहेब? आता रजियाला नववा लागला अन् मला याच आठवड्यात निघायचंय.

आमच्यात लेकरू जन्मलं की बाप त्याच्या कानात अजान देतो. दुनियेतला पहिला आवाज बापाचा. माझ्या कानात अब्बांनी दिल्ती. तेवढ्यासाठी महिनाभर माझी जागा राखून ठेवा, हे मागायला पत्र लिहायला बसलो.

रजियाला वाचून दाखवलं. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "अजान तो कोई भी दे सकता. मेरे अब्बा देंगे. तुम जाओ."

बराबर हाय तिचं. तुमचं वेल्डिंगबी कुणीबी करू शकतं, महिनाभर थांबलो तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत न्हाई.

मी येऊन राह्यलो. तुम्ही विचाराल, घरी सगळं ठीक? मी म्हणीन, बिलकुल.

तुमचा नवा वेल्डर,
रहमतुल्ला